नटीच्या कामाचा हिशेब

१९३९ च्या जुलैमध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी शांता आपटे उपोषणाला बसल्या. वाद पगाराचा आणि कराराचा होता. 'कुंकू' येऊन दोन वर्षं झाली होती, 'गोपालकृष्ण' त्याच्या पुढच्याच वर्षी लागला होता. ज्या बाईला पाहायला आणि ऐकायला लोक तिकिटं काढत होते, तिला स्वतःच्या पैशांसाठी अन्न सोडावं लागलं. ही हकिगत आजही सांगतात, पण सांगताना हसतात. बाई तापट होत्या, कुणाला जुमानायच्या नाहीत, असा एकूण सूर. गिरणी कामगार फाटकाशी बसला तर तो इतिहासाच्या पुस्तकात जातो. शांताबाई बसल्या त्या सिनेमाच्या चुटक्यांमध्ये गेल्या.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. या धंद्यात काम करणाऱ्यांची पिळवणूक कशी होते, ते त्यांनी त्यात उघडपणे लिहिलं. तोवर त्यांनी पंचविशीही गाठलेली नव्हती. मग मद्रासकडच्या 'सावित्री' (१९४१) या तमिळ चित्रपटासाठी त्या तमिळ शिकल्या आणि नायिका झाल्या. त्याच चित्रपटात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. १९६४ साली शांताबाई गेल्या. त्यांच्याविषयी सांगितलं जातं ते मात्र अजूनही बहुतेक त्यांच्या स्वभावाचंच.

या प्रस्तावनेची सुरुवात मुद्दाम इथून केली आहे. पुढच्या पानांमध्ये ज्या अभिनेत्रींची चरित्रं आहेत त्यांपैकी आज कुणीही हयात नाही. त्यांच्यावर मराठीत लिहिलं गेलेलं नाही असं नाही, उलट भरपूर लिहिलं गेलं आहे. रूप, लग्नं, मोडलेली लग्नं, म्हातारपणचं एकटेपण, शेवटचं आजारपण यांवर पानंच्या पानं आहेत. पण बाईने किती वर्षं, कुठे, कुणाच्या कंपनीत, काय मोबदल्यात आणि कसं काम केलं, हे शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. ती पोट भरण्यासाठी काम करणारी बाई होती, कसबी होती आणि बहुतेकदा घरातली एकमेव मिळवती होती. या पुस्तकाने तिच्याकडे त्या बाजूने पाहायचं ठरवलं आहे.

सुरुवातच पाहा. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. त्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन बायका मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला मोहिनी झाली. हा प्रसंग बहुतेक ठिकाणी धाडसाचा म्हणून नोंदलेला असतो. धाडस होतंच, पण त्यामागे गरज होती. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या, मुलगी वाढवायची होती, आणि अब्रूदार म्हणवणाऱ्या घरांनी अशा बाईला दुसरं कुठलं काम दिलं असतं, याची मला शंकाच आहे. पुढे कमलाबाई गोखले ऐन तारुण्यात विधवा झाल्या. तीन मुलगे त्यांनी रंगभूमीवर काम करून वाढवले. प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. 'मोहिनी भस्मासुर' आज पाहायला मिळत नाही. रीना मोहन यांनी १९९२ मध्ये म्हाताऱ्या कमलाबाईंवर एक माहितीपट केला, त्यात त्या भेटतात. ज्यांना जमेल त्यांनी तो जरूर मिळवून पाहावा.

नाटकाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बालगंधर्वांच्या काळात मराठी रंगभूमीवरची सगळ्यांत लाडकी स्त्री ही एक पुरुष होती, आणि प्रेक्षागृहातल्या बायका त्या पुरुषाची साडी नेसण्याची ढब घरी जाऊन गिरवत होत्या. बायका नाटकात नव्हत्याच असं मात्र नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास भावंडांसह काढलेल्या नाट्यसंस्थेत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. मग १ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. श्री. वि. वर्तकांनी ते एका नॉर्वेजियन नाटकावरून रचलं होतं. त्यात बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या. नव्या नाटकाची सुरुवात म्हणून ही तारीख मराठी नाट्येतिहासात कोरलेली आहे, आणि ते योग्यच आहे.

ज्योत्स्नाबाई गोव्यातल्या बांदिवड्याच्या, माहेरच्या केळेकर. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मराठी संगीत नाटकाचा आणि पहिल्या बोलपटांचा गळा ज्या घरांतून आला त्यांतली बरीच घरं गोव्यातल्या कलावंत समाजाची होती. त्या मुलींना गाणं लहानपणापासून शिकवलेलं असे, लोकांसमोर उभं राहायची सवय असे, आणि सभ्य समाजाने त्यांना आधीच दाराबाहेर ठेवल्यामुळे जायला उरलेलं असं नावही फारसं नसे. पुढे पांढरपेशा घरातल्या मुली आल्या तेव्हा 'कुलीन स्त्रियांनी पाऊल टाकलं' म्हणून त्या दिवसाचा सोहळा झाला. आधी वाट पाडणाऱ्यांचं नाव त्या सोहळ्यात कुणी घेतलं नाही. या पुस्तकाच्या क्रमात तो मान त्यांना पहिल्यांदा दिला आहे.

दुर्गा खोट्यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. त्या मुंबईतल्या सधन, शिकलेल्या लाड घराण्यातल्या. सासरची सुबत्ता ओसरली, पदरी दोन मुलं, तेव्हा त्या सिनेमाकडे वळल्या. 'फरेबी जाल' (१९३१) या पहिल्या चित्रपटातल्या छोट्याशा कामाने बोभाटाच अधिक झाला. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट, आणि त्यातल्या तारामतीने सगळं पालटलं. पण मला त्यांच्या अभिनयाइतकीच त्यांची व्यवहाराची नजर महत्त्वाची वाटते. नट-नट्या महिन्याच्या पगारावर एकाच स्टुडिओला बांधलेल्या असत, त्या काळात त्या एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. 'अमर ज्योती'तली सौदामिनी प्रभातसाठी, बाकीची कामं इतरांसाठी, मधूनमधून नाटकं. 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई जुन्या प्रेक्षकांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. उतारवयात जाहिरातपट काढायची कंपनी चालवली आणि त्याच कंपनीने १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' केली. १९८३ चा फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा बहुतेकांना त्या 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई म्हणून आठवत होत्या. कंपनीच्या मालकीण म्हणून त्यांच्यावर कुणी लेख लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. या पुस्तकात त्यांच्यावरचं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

आता हंसा वाडकर. या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्यांच्यावर आहे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली तरी ते छोटं होणार नाही.

त्या मूळच्या रतन साळगावकर. घराचं नाव सिनेमाला नको म्हणून आडनाव आत्याचं घेतलं, आणि मग त्याच सिनेमाच्या पैशावर ते घर चाललं. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास 'विजयाची लग्ने' (१९३६) मध्ये नायिका, मग बॉम्बे टॉकीज, मग प्रभातचा 'संत सखू' (१९४१), मग 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७). सखूसारखी संत आणि रामजोशीच्या फडातली बया एकाच बाईने इतक्या सहजपणे उभ्या केल्या, की आज दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर आपण थक्क होतो. १९५९ मध्ये अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. मराठी तमाशापटाची पुढची वीसेक वर्षं त्या एका यशावर उभी राहिली. किती जणांचे संसार त्यावर चालले असतील ते सांगणं कठीण; हंसाबाईंच्या वाट्याला त्यातलं फार काही आलं नाही, एवढं खरं.

अरुण साधूंनी शब्दांकित केलेली हंसाबाईंची आत्मकथा 'सांगत्ये ऐका' याच नावाने १९७० मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, पन्नाशीही न गाठता. दारू, मोडलेलं घर, भलत्याच माणसांवरचा विश्वास, सगळं त्यात न झाकता सांगितलेलं आहे आणि वाचकांनी मुख्यतः तेच वाचलं. मी ते पुस्तक पुन्हा वाचताना वेगळ्या गोष्टींवर पेन्सिलने खुणा करत गेले. कमवणारी ही, पण करार कुणाच्या सहीने ठरतात? पैसे कुणाच्या हातात पडतात? दिवस गेलेले असताना शूटिंग चालू ठेवायचं की नाही, हे कोण ठरवतं? या खुणा एकापुढे एक ठेवल्या की एका नशीबवाईट बाईची कहाणी मागे सरते आणि धंद्याची एक रीत दिसू लागते. श्याम बेनेगलांनी या पुस्तकावरून १९७७ मध्ये 'भूमिका' केला. स्मिता पाटीलने ती भूमिका करताना या रीतीवर बोट ठेवलं, म्हणून तो चित्रपट मला अजून ताजा वाटतो.

स्मिताविषयी या पुस्तकात वेगळं मोठं प्रकरण नाही. मराठी वाचकाला 'जैत रे जैत', 'उंबरठा', दूरदर्शनवरच्या बातम्या आणि १३ डिसेंबर १९८६ ही तिच्या निधनाची तारीख नव्याने सांगायची गरज नाही.

आत्मचरित्रांच्या बाबतीत मराठी नट्या नशीबवान म्हणायच्या. लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत', दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', जयश्री गडकरांचं 'अशी मी जयश्री', शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात': इतकी पुस्तकं हिंदीतल्या त्या पिढीच्या नायिकांकडून आलेली नाहीत. ही पुस्तकं वाचताना जरा सावध राहावं लागतं. प्रकाशकाला आणि वाचकाला काय हवं होतं, त्याचा दाब पानापानावर जाणवतो, आणि बाई स्वतःच्या कामाबद्दल सांगू लागली की प्रकरण संपतं. तरी त्यांच्याशिवाय हे पुस्तक झालं नसतं. शांता हुबळीकरांचंच घ्या. हुबळीजवळच्या खेड्यातली राजम्मा, मातृभाषा कन्नड. 'माणूस' (१९३९) मधली मैना म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्या वृद्धाश्रमात राहत होत्या हे कळल्यावर हळहळ करणारे लेख आले. पन्नास वर्षं एखादं गाणं रेडिओवर वाजत राहावं आणि ते पडद्यावर उभं करणाऱ्या बाईला त्याचं एक पैशाचंही देणं नसावं, ही व्यवस्था कुणाची, असं विचारणारा लेख मला त्यांत सापडला नाही.

तमाशातल्या कलावतींना अभिनेत्रींच्या पुस्तकात जागा का, असा प्रश्न एका जाणत्या स्नेह्याने हस्तलिखित वाचून विचारला. वगात बाई संवाद म्हणते, पात्र रंगवते, हजारो माणसांना रात्रभर जागं ठेवते. ती अभिनेत्री नसेल तर कोण? पवळाबाई हिवरगावकर संगमनेर तालुक्यातल्या. पठ्ठे बापूरावांच्या फडाची कीर्ती जितकी बापूरावांच्या लेखणीची तितकीच पवळाबाईंची. विठाबाई नारायणगावकर भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या, पुढे फडाच्या धनीण झाल्या. भरल्या पोटाने बोर्डावर नाचत असताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. सांगताना लोक त्यांच्या कलानिष्ठेला हात जोडतात. सुपारी घेतलेली आहे, फडात पन्नास-पाऊणशे माणसं जेवणारी आहेत, खेळ थांबला तर पैसे बुडणार आहेत, हा भाग कुणी सांगत नाही. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान दोनदा मिळाला. २००२ मध्ये गेल्या तेव्हा हातात पैसा नव्हता. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या हयात असतानाच थोडी पेन्शन वेळेवर पोचती झाली असती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

पडद्यावरच्या आयांचं प्रकरण लिहिताना मजा आली. ललिता पवार मूक चित्रपटांतून बालवयात आल्या, नायिका झाल्या, १९३८ मध्ये टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन'वरून 'दुनिया क्या है' हा चित्रपट स्वतः काढला. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. बाईंनी तोच अधू डोळा पुढची चाळीस-पन्नास वर्षं असा वापरला की देशभरातल्या सुना त्याला घाबरल्या, आणि 'अनाडी'मध्ये त्याच डोळ्याने रडवलं. सुलोचना लाटकर कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडल्या. 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) नंतर त्या साऱ्या महाराष्ट्राच्या वहिनी झाल्या आणि पुढे हिंदीत सगळ्या नायकांच्या आई. रीमा लागू बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करत होत्या. 'पुरुष'सारख्या नाटकातली रीमा ज्यांनी पाहिली त्यांना 'मैंने प्यार किया'तली सोशिक आई थोडी कोमटच वाटली असेल. 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर जेमतेम वर्षाचं! नायकांना पन्नाशीतही कॉलेजात जाता येतं. नट्यांना चाळिशीआधीच पांढऱ्या बटा लावून बसवतात. आणि मग मृत्यूनंतर 'वात्सल्यमूर्ती हरपली' असा मथळा येतो. भूमिका मिळतात त्या बाजाराच्या हिशेबाने, श्रद्धांजली मात्र जणू तोच त्यांचा स्वभाव होता अशी.

रंगभूमीवरच्या अभिनेत्रींबद्दल लिहिणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण काम उरतच नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे डिसेंबर १९६७ मध्ये रंगायन या संस्थेने उभी केली. सुदैवाने १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी त्या नाटकाचा चित्रपट केला, म्हणून बेणारेच्या शेवटच्या स्वगताची काही कल्पना आज करता येते. छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी त्याच शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'चं नाटक रुजवलं आणि चंद्रशाळेत मुलांना तयार केलं. भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' १९७५ ची. पु.लंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची मंजुळा केली, भक्तीबाईंनी तिला बोलकं केलं. पुढच्या सगळ्या फुलराण्यांना त्यांच्याशी तुलना सोसावी लागली. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. नाटकवाल्यांना हा रस्ता, ही वेळ आणि ती डोळ्यावरची झोप चांगली माहीत आहे: प्रयोग रात्री उशिरा संपतो, 'नाईट' हातात पडते, सकाळी दुसऱ्या गावी पोचायचं असतं.

नावांबद्दल वाचकांना थोडी सूचना. सूचीत प्रत्येकीचं मूळ नावही दिलं आहे, कारण जुन्या अंकांमध्ये एकाच बाईच्या नोंदी दोन-तीन नावांनी विखुरल्या आहेत. हंसा वाडकर आणि मीनाक्षी शिरोडकर दोघीही आधी 'रतन' होत्या. सीमा देव या नलिनी सराफ, रीमा लागू नयन भडभडे, 'श्यामची आई'तल्या वनमाला सुशीला पवार. सुलोचना तर तिघी: मूकपटांच्या काळातल्या रुबी मायर्स, आपल्या लाटकर आणि लावणीसम्राज्ञी चव्हाण. छापील लेखांतही त्यांची सरमिसळ झालेली आहे, तेव्हा संदर्भ घेताना साल पाहून घ्यावं.

ज्या बाबतींत दोन साधनांचा मेळ बसला नाही त्या गोष्टी पुस्तकात घेतलेल्या नाहीत. ऐकीव प्रेमप्रकरणंही वगळली आहेत. त्यामुळे काही प्रकरणं आखूड झाली, आणि ती तशीच राहू दिली.

शेवटी एक विनंती. २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभातच्याच आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट एका दिवसात गेले. जे गेलं ते गेलं, पण कागद अजून घरोघरी आहेत. आजोबांच्या ट्रंकेत नाटकाच्या जाहिराती, चित्रपटांची गाण्यांची पुस्तकं, कंपनीचे करार, फडाच्या हिशेबाच्या वह्या, नट्यांची सही असलेली पत्रं किंवा फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. फोटोमागे कोण आहे, कुठला प्रयोग आहे, ते पेन्सिलने लिहा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा गावातल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाकडे द्या. तेही जमत नसेल तर प्रकाशकांच्या पत्त्यावर एक झेरॉक्स पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत तिचा उपयोग होईल.